हवापालटाच्या गावातल्या बंद खिडक्या

सरकारी दवाखान्यात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक म्हणजे औषधांची रिकामी खोकी आणि दुसरे किस्से. खोकी भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. चहाला दोघं जमले, एकानं एक सांगितला, की त्याच्या मागून दुसरा येतोच. माझ्याकडे आता इतके साठलेत की जुन्या मैत्रिणी फोन केला की तब्येत विचारायच्या आधी म्हणतात, "बोल, नवीन काय घडलं?" त्यातलेच हे थोडे. सगळे एकाच विषयाचे आहेत. हवेचे.

माझा जन्म कर्जतचा. पण पाचवीपासून शाळा लांब, उत्तरेकडच्या डोंगरातली, निवासी. पुढे डॉक्टरीही तिकडेच. आमच्या मेट्रनबाई रोज सकाळी झोपायच्या हॉलमध्ये शिरल्या की नाक मुरडून एकच शब्द म्हणायच्या, "स्टफी!" आणि सगळ्या खिडक्या धाडधाड उघडायच्या. सर्दी झाली की नाकालाही तोच शब्द. आमचे प्रिन्सिपल कडक कॉलरचे, कधीही न हसणारे. मोठ्या मुली त्यांच्यासाठीही हळूच तोच शब्द वापरायच्या. मला गंमत वाटायची. आपल्याकडे खोली कोंदट असते, नाक चोंदतं, माणूस ताठ असतो आणि जीव घुसमटतो. इंग्रजीनं सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं!

परत यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, या पिशवीची आपल्याला गावाकडे गरज पडणार नाही. कर्जत म्हणजे हवापालटाचं गाव. शनिवार आला की मुंबईच्या गाड्या फार्महाऊसकडे रांगेनं वळतात, त्या कशाला? हवा खायला! मी पोषणावर काम करणार होते, लसीकरणावर करणार होते, पोरींच्या रक्तक्षयावर करणार होते. दोन-तीन वर्षांत सगळं चित्र बदलून टाकणार होते. हवेची काळजी करायचं काही कारणच नव्हतं. ती फुकट होती आणि चारी बाजूंनी होती.

खालापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी रुजू झाले. (नाव सांगत नाही. अजून तिथेच नोकरी करायचीय.) आणि पहिल्याच सकाळी, माझ्याच तपासणीच्या खोलीत, मला श्वास घेता येईना.

*

खोलीला खिडकी होती. पण तिच्यापुढे एक भलं मोठं लोखंडी कपाट उभं होतं.

"हे कपाट पलीकडच्या भिंतीला सरकवूया का?" मी विचारलं.

आमचे औषध देणारे मोरेभाऊ सुमन सिस्टरकडे बघायला लागले. सुमन सिस्टर छताकडे बघायला लागल्या. या दोघांनी इथे इतके डॉक्टर येताना-जाताना पाहिलेत की नवीन डॉक्टरच्या उत्साहाला काय उत्तर द्यायचं हे ते नजरेनंच ठरवतात.

"मॅडम, कपाटावर काय लिहिलंय ते वाचलं नाय का तुमी?" मोरेभाऊ म्हणाले.

वाचलं. 'सप्रेम भेट', आणि खाली लाल अक्षरांत नाव. शेजारच्या गावचे माजी सरपंच. सगळे त्यांना नाना म्हणतात. भातशेतीचे जुने मालक. थोडी जमीन प्लॉटवाल्यांना विकून बंगला बांधला, आणि बंगल्याच्या वास्तुशांतीच्या आनंदात दवाखान्याला कपाट दिलं.

"दारातनं आत शिरल्या शिरल्या नाव दिसलं पायजे, अशी नानांची अट हाय. म्हणून समोरच लावलं."

"अहो, पण समोर खिडकी आहे!"

"खिडकीवर कुनाचं नाव नाय ना, मॅडम."

मी कपाळाला हात लावला. "बरं, आत काय ठेवलंय एवढ्या मोठ्या कपाटात?"

"काय नाय. मोकळंच हाय," सिस्टर म्हणाल्या. "चावी नानांकडंच ऱ्हायली!"

*

विलास खोपोलीकडच्या एका कारखान्यात कामाला होता. कसला कारखाना, ते त्याच्या शर्टाच्या वासावरून कळायचं. तक्रार एकच: नाक चोंदलंय. कधीपासून? "लगीन झालं त्याच्याबी आदीपासनं."

मी जीव तोडून उपचार केले. फवारा दिला, वाफ कशी घ्यायची ते दाखवलं, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं. बिचाऱ्यानं सगळं मनापासून केलं. आणि नाक उघडलं! इतक्या वर्षांचं चोंदलेलं नाक! मला कोण आनंद झाला.

पुढच्या वेळी विलास आला तो चिडूनच.

"मॅडम, पैल्यासारखं करा."

"म्हणजे?"

"चोंदवा परत! वास येतोय सगळा. डबा उघडला तरी कारखान्याचाच वास. भाकरीला त्याचा, बायकोच्या लुगड्याला त्याचा. आता कळतंय मी दिसभर काय आत घेतो ते. आदी कसं, काय कळतच नव्हतं!"

मी त्याला मास्कचं सांगितलं. सुपरवायझरशी बोल, दुसऱ्या विभागात बदली माग, चारजण मिळून जा, असं बरंच काही सांगितलं. माझा आवाज चढला होता. विलास शांतपणे ऐकत होता.

"मॅडम, तिथं गेटवर कामासाठी उभी असलेली पोरं बघितलीत का तुमी? त्यांची नाकं चांगली उघडी हाईत."

त्यानं फवाऱ्याची अर्धी बाटली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

"बरा झाला म्हणून तक्रार करणारा पैलाच पेशंट बघितला मी," सुमन सिस्टर म्हणाल्या. हसलं मात्र कोणी नाही.

*

एकदा आमची बैठक होती. हॉल नवाकोरा, एसीवाला, खिडक्यांच्या काचा कायमच्या बसवलेल्या, न उघडणाऱ्या. विषय ऐका: 'हवेशीर घर, निरोगी घर'!

दिवा लावून झाला, शाल-श्रीफळ झालं, स्वागतगीत झालं. मग प्रत्येक वक्ता व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव पदासकट घेऊन 'आदरणीय' म्हणू लागला. चौथा आदरणीय चालू असताना लाइट गेली.

एसी बंद. हॉल खचाखच भरलेला. मुख्य साहेबांनी मोबाइलच्या उजेडात भाषण सुरू ठेवलं. कोणी जागचं हललं नाही. साहेब बसल्याशिवाय कसं उठायचं? सगळ्यांच्या पाठी भिजल्या. पदरानं वारा घेणाऱ्या आशाताईसुद्धा साहेबांची नजर वळली की पदर खाली घ्यायच्या.

तेवढ्यात नानांच्या गावची आमची आशासेविका रंजना माझ्या खांद्यावर कलंडली. घामानं थंडगार पडलेली. मी उठले आणि जाऊन सरळ दार उघडलं. एवढ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या!

साहेब थांबले. अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, काही अडचण?"

"सर, हवा."

"हो हो, हवा," साहेब म्हणाले. "त्या मुद्द्यावर आपण शेवटच्या सत्रात येणारच आहोत."

*

कर्जतकडे एका शिबिराला डॉक्टर कमी पडले म्हणून मला आणि सिस्टरला तिकडे पाठवलं. कोंडाणे लेण्यांची वाट सोडून वर चढलं की एक ठाकरवाडी लागते. घरं कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, वरून शेणमातीचा हलका हात फिरवलेला.

एका घरात नुकतीच बाळंत झालेली पोर निखाऱ्यांच्या शेकाला पडली होती. माझ्या हातात पोस्टर होतं. त्यावर दोन चित्रं: पक्क्या घरावर बरोबरची खूण, कुडाच्या घरावर फुली. मी आत वाकून बघितलं तर कुडाच्या फटींतून उन्हाचे दोरे आत आलेले, आणि त्याच फटींतून धूर सावकाश बाहेर निघालेला.

शेजारीच त्यांचं सरकारी घरकुल होतं. स्लॅबचं, रंगवलेलं. त्यातून बकऱ्या ओरडत होत्या.

"आजी, बकऱ्या पक्क्या घरात आणि तुम्ही कुडात?" मी त्या पोरीच्या सासूला, बुधीआजीला, विचारलं.

"त्याच्यात जाळ घालून निजलं का डोकं धरतं."

"मग बकऱ्यांचं डोकं नाही धरत?"

"बकऱ्या कुठं शेकत बसतात!"

मी खूप हसले. नंतर चार मैत्रिणींना फोनवर हा किस्सा रंगवून सांगितला. पोस्टरचं काय झालं, तेही सांगितलं. कुडाला खिळा काही बसेना. शेवटी ते आम्ही बकऱ्यांच्या घराला लावून आलो!

*

हा छोटासा. एक बाई दर बाजाराच्या दिवशी यायची. नवरा पहाटे मुंबईला कामावर जाणारा, सासू-सासरे घरात. तपासलं तर काही नाही. रक्तदाब चांगला, छाती साफ.

"काय होतंय नक्की?"

"काय नाय. घरात कोंदल्यागत होतं. हितं बसलं का बरं वाटतं."

ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसायची. रस्त्याकडे बघायची. तासाभरानं पदर सावरून जायची. "डॉक्टरांनी बोलावलंय असं सांगितलं, का मग सोडतात," हे तिनंच एकदा सांगितलं. म्हणून मी केसपेपरवर लिहिलं, 'दर आठवड्याला दाखवणे'.

मोरेभाऊंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "मॅडम, हिला औषध कुठलं देऊ?"

"बाकडं!" मी ओरडले.

पावसाळ्यानंतर ती यायची बंद झाली. एकदा तिचा नवरा स्वतःच्या खोकल्यासाठी आला, तेव्हा मी चौकशी केली.

"तिला आता बरं हाय," तो म्हणाला. "आता ती काय बोलतच नाय."

*

आता शेवटचा. हा मी चहाला बसल्यावर सांगत नाही.

थंडीचे दिवस होते. रंजनाचा फोन आला. "मॅडम, नानांच्या धाकट्या सुनेला बघायला या. प्रणालीला. तिला आई नाय, म्हणून सासरीच बाळंतपण केलंय. हॉस्पिटलातून आली तेव्हा चांगली व्हती. आता सारखं डोकं धरते, उलट्या करते. बाळ पण अंगावर घेतलं का झोपूनच जातं. सासूबाई म्हणतात अशक्तपणा हाय. पण मला बरं दिसत नाय."

दुपारची ओपीडी आटोपून मी गेले. नानांचा बंगला लांबूनच चमकतो. समोर गुळगुळीत टाइल्स, मोठमोठ्या काचेच्या सरकत्या खिडक्या, हॉलमध्ये प्लास्टिकचं कव्हर न काढलेले सोफे. नाना स्वतः दारापर्यंत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात जोडलेले.

"आधी चहा, मॅडम."

"आधी पेशंट बघते, नाना."

"आमच्या घरातनं चहा घेतल्याबिगर कोनी आत-भायेर जात नाय."

चहा आला. बशीत बिस्किटं आली. रंजनाला कोणी बस म्हणालं नाही, ती भिंतीला टेकून उभी राहिली. समोर एका तरुण बाईचा हार घातलेला फोटो होता. नाना पाण्याला उठले तेव्हा रंजना माझ्या कानाशी आली.

"थोरली सून. बंगल्यात आले त्याच साली. बाळंतपणाच्या खोलीतच गेली. बाळ बी गेलं. वारा लागला, म्हणतात."

मी कप तसाच ठेवला आणि उठले.

बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडायला जोर लावावा लागला. खालच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. खिडक्यांच्या सगळ्या सांध्यांना खाकी चिकटपट्टी लावलेली. खाटेखाली लोखंडी शेगडी, त्यात लाल निखारे, कोपऱ्यात ओव्याची धुरी. प्रणाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुशीत बाळ. मी नाव विचारलं. तिनं ते सांगितलं, पण किती वेळानं! जणू विहिरीतून ओढून काढलं. थोड्याच वेळात माझंही कपाळ ठणकायला लागलं.

"खिडकी उघडा," मी म्हणाले.

प्रणालीच्या सासूबाई, सगळ्यांच्या काकी, खिडकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. लहानखुरी बाई. दोन्ही हात पसरलेले.

"नाय, मॅडम. एक डाव वारा लागून माझं घर मोकळं झालंय."

मी सगळं सांगितलं. कोळशाच्या विस्तवातून वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत तो साठतो आणि रक्तात शिरतो. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. मी हे अतिशय तळमळीनं सांगितलं. काकींनी अतिशय शांतपणे ऐकलं.

"माझी पाच बाळंतपनं अशीच झाली. शेगडी पण हीच."

"कुठे झाली, काकी?"

त्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. परसात एक बुटकं, कौलारू घर होतं. कुडाच्या भिंती, जागोजागी माती गळालेली.

"त्या जुन्या घरात. आता म्हशी बांधतो तिथं."

मी त्या भिंतींकडे बघत राहिले. मला बुधीआजीचं घर आठवलं. फटींतून बाहेर निघालेला तो धूर आठवला.

"काकी, तिथे भिंतींतून वारा जायचा. इथे कुठून जाईल?"

त्यांचे हात खाली आले. मी स्वतः चिकटपट्ट्या ओढून काढल्या, खिडकी सरकवली, फडक्यानं धरून शेगडी मागच्या ओट्यावर नेऊन ठेवली. प्रणालीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तिनं दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासऱ्यांकडे बघितलं. नानांनी पुन्हा हात जोडले.

"मॅडम, सव्वा महिना बाळंतीण उंबरा वलांडत नाय. पण तुमचा शब्द आमी मोडनार नाय. खिडकी उघडी ऱ्हाईल. शेगडी भायेर ऱ्हाईल. झालं?" आणि माझ्या हातात नारळ दिला.

फाटकाशी पोचून मी मागे वळून बघितलं. काचेची ती खिडकी हळूहळू सरकत बंद होत होती. आवाजसुद्धा झाला नाही.

मी तशीच उलटी फिरले. दारात नाना उभे. "काकी आता देवाशी बसल्यात. उद्या या ना निवांत. जेवायलाच या." इतक्या आदरानं मला आजवर कोणी बाहेर काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडी नुकतीच उघडली होती, तेवढ्यात नानांची जीप आवारात शिरली. सगळ्या काचा वर. मागच्या सीटवर प्रणाली, डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत गुंडाळलेली, आणि शेजारी बाळाला घेऊन काकी. बाळाला न्हाऊ घालायला बाहेर नेलं होतं, तेवढ्या वेळात ती खाटेवरून खाली पडलेली सापडली.

ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या खोलीत होता. तिला तिथेच घेतलं. सुमन सिस्टरनं तिच्या बोटाला यंत्र लावलं.

"मॅडम, ऑक्सिजन चांगला दाखवतंय की. अशक्तपणाच असंल."

"यंत्राला कोळशाचा वायू ओळखता येत नाही, सिस्टर. मास्क लावा. बाळालाही लावा. मोरेभाऊ, हे कपाट हलवा!"

मोरेभाऊ कपाटाकडे गेले आणि थबकले. कपाटाचा मालक दारातच उभा होता.

नाना पुढे आले. इस्त्रीच्या सदऱ्यासकट त्यांनी खांदा लावला. कपाट करकरत सरकलं, कोपऱ्यात आडवं फिरलं, आणि नानांचं नाव भिंतीकडे गेलं. खिडकी रंगानं चिकटून बसली होती. सिस्टरनं सलाइनच्या स्टँडनं तीन दणके घातले तेव्हा ती उघडली.

अँब्युलन्स एक्सप्रेसवेवरच्या अपघाताला गेलेली. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत, आम्ही दिवसभर तिला तिथेच सांभाळलं. दुपारी बाळ रडलं. चांगलं मोठ्यानं, संतापून. संध्याकाळच्या आत प्रणालीनं डोळे उघडले, बाळाकडे बघितलं आणि सिस्टरचा हात धरला.

"दार लावू नका," ती म्हणाली.

अँब्युलन्स आली तोवर तिचं बोलणं सरळ झालं होतं. आता हलवू नका, तिथेच एक रात्र लक्ष ठेवा, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही ठेवलं.

सकाळी नाना गाडी घेऊन हजर! नवा सदरा, हात जोडलेले. पाठीमागे त्यांचा धाकटा मुलगा, प्रणालीचा नवरा.

"मॅडम, तुमचे उपकार. आता डिसचार्ज द्या. सव्वा महिना पुरा करायचाय. खोली साफ करून ठेवलीय."

काकी घरी गेल्याच नव्हत्या. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"थोरलीच्या टायमाला दाराखालनं वारा यायचा. म्हणून या खेपंला पोतं लावलं गं, पोरी. पट्टी पन मीच आणवली. म्हटलं, हिला तरी काय होऊ देयाचं नाय."



मग त्यांनी मान वर केली. "वाऱ्यानंच गेली ना गं ती?"

उत्तर माझ्या तोंडाशी आलेलं होतं. आजवर मी कोणालाही खरं सांगायला कचरले नव्हते. त्यासाठीच तर परत आले होते. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी नानांकडे वळले.

"नाना, डिस्चार्ज देते. सव्वा महिना करा, धुरी करा, शेक द्या, तुमची सगळी रीत करा. पण बंगल्यात नाही. मागच्या जुन्या घरात."

"गोठ्यात?" नानांचे जोडलेले हात सुटले. "माजी सून गोठ्यात? मग बंगला कशाला बांधलाय मी? बाळाला बघायला पाव्हणे येतील, त्यांना काय सांगू? लोकं तोंडात श्यान घालतील, मॅडम!"

"मग ती इथेच राहील. या व्हरांड्यात, खाट टाकून, सव्वा महिना. आणि जो पाहुणा येईल त्याला ती इथे का आहे, ते मी सांगेन."

"मॅडम, माजी वर वळख हाय."

"माहीत आहे, नाना."

आतून बाळाचा आवाज आला. मोरेभाऊ औषधाच्या खिडकीत गोळ्या मोजायचं सोडून उभे होते. काकी अजून माझ्याकडेच बघत होत्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदर कमरेला खोचला आणि मुलाकडे वळल्या.

"म्हशी भायेर बांध रं," त्या म्हणाल्या.